उशीतला कापूस

अमेरिकेतल्या लढाईने विलायतेच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि आमच्या नांदगावच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पहिल्या वेचणीचा कापूस देवाच्या वातीसाठी ठेवायची आमची रीत. त्या साली लोकांनी तोही विकला.

अशात खरेदीला आलेल्या मुंबईच्या व्यापाऱ्याला आमचं खंडेश्वराचं जुनं देऊळ पाहायचं होतं. गाव मोठ्या तोऱ्यात त्याला टेकडीवर घेऊन गेलं. आत मिट्ट काळोख. दिव्यात तेल होतं, वात नव्हती, आणि वातीपुरता कापूस कुणाच्याच घरी निघेना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सासूबाईंनी मात्र घरून आपली उशी आणली, शिवण उसवली आणि पायरीवर बसून वाती वळल्या. दिवा वर धरताच छतावरचं दगडी कोरीवकाम उजळलं. पाहुण्याबरोबर आम्हीही पाहत राहिलो. जन्म इथे गेला, पण मान वर करून कुणी पाहिलंच नव्हतं.

व्यापाऱ्याने उरलेल्या कापसाचा भाव विचारला.

"हा इकाचा नाई, भाऊ," सासूबाई म्हणाल्या, "याच्यावर मले झोप लागते."

पुढच्या हंगामात पहिली वेचणी मी घरी आणली. अर्धी देवळात दिली, अर्धी त्यांच्या उशीत भरली.