मागच्या सीटवरची ट्रायल

पंचवीस वर्षं जळगावात गाड्यांचं सस्पेन्शन बघतोय. माझी एक पद्धत आहे. ट्रायलला गाडी गिऱ्हाईक चालवतं, मी मागे बसतो. तळहात गाडीच्या तळाला टेकवला की कुठलं चाक काय म्हणतंय ते कळतं.

त्या दोनदारी स्पोर्ट्स गाडीचं दुखणं पहिल्याच ट्रायलला कळलं होतं. डाळमिलवाल्या शेठजींना गाडी जमिनीलगत खाली बसवून हवी होती. बुटक्या स्प्रिंगा मागवायला वेळ लागणार, म्हणून मी होत्या त्याच ग्राइंडरने कापल्या. मागची उजवी अर्धा वेढा जास्त कापली गेली. गाडी कललेली दिसू नये म्हणून तिच्याखाली जाड रबर सरकवलं आणि गप्प बसलो.

मग तक्रारी सुरू झाल्या. वेगात वळणावर दणका बसला की मागून कोणी ढकलल्यासारखं होतं, शेठजी म्हणायचे. मी अलाइनमेंट केली. हवा कमी केली. चारही टायर बदलायला लावले. रस्त्याला शिव्या दिल्या. दर वेळी दुखणं शोधायचं, आणि ते सापडणार नाही याची काळजी घ्यायची.

चौथ्या ट्रायलला त्यांची मुलगी पुढे बसली. असल्या गाडीत पुढचा माणूस उतरल्याशिवाय मागच्याला उतरता येत नाही. गुडघे छातीशी घेऊन मी बसलो. पारोळ्याच्या रस्त्याला शेठजी सहज म्हणाले की आता बरी वाटतेय, उद्यापासून मुलगी हीच घेऊन धुळ्याला कॉलेजात शिकवायला जाईल. तेवढ्यात वळणावर पुलाचा सांधा आला. तळहाताखाली खाडकन दणका बसला आणि गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला.

“शेठजी, हळू घ्या,” मी म्हणालो. “स्प्रिंग मी चुकीची कापलीय.”

त्यांनी गाडी कडेला घेतली. मग मुलगी मागे वळली.

“काका, मग टायर का बदलायला लावले?”

“स्प्रिंग उघडावी लागू नये म्हणून.”

तिने दाराला हात घातला. मला वाटलं, इथेच उतरवणार. खरं सांगायचं तर बरंच वाटलं असतं. शेठजींनी तिला थांबवलं.

“बसू दे त्यांना. गॅरेजवर चाक काढून दाखवतील.”

गाडी तीसच्या वेगाने परत निघाली. आरशात कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. तळहात मी जळगाव येईपर्यंत तळालाच टेकवून ठेवला.