माझा चालण्याचा सराव

आमच्या भागात धडधाकट माणूस विनाकारण चालताना दिसला, की त्याच्या घरात काहीतरी बिघडलंय असं समजतात. हे मला पायात नवे बूट घातल्यावर कळलं.

दुष्काळाचं साल. गावची जनावरं चारा छावणीत, त्यांत आमची म्हैसही. आमच्या दूध सोसायटीनं केज ते बीड दोन दिवसांची पदयात्रा काढली. जेवढी माणसं बीडला पायी पोचतील, तेवढ्या ट्रॉल्या उसाची वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी छावणीला मिळणार होती. सभेत मी सगळ्यांत आधी हात वर केला. (बसल्या बसल्या हात वर करायला सराव लागत नाही!)

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याला लागलो, तोच शेजारच्या गणपानं फटफटी थांबवली.

"तात्या, कावून चालताय?"

"सराव करतोय."

"कशाचा?"

"चालायचा."

"अवो, चालाया येतंय की तुमाला! बसा मागं."

नको म्हटलं, तर त्याचं तोंड उतरलं. "आमची गाडी वंगाळ हाय व्हय?" बसलो! पुढं रोज कुणी ना कुणी असंच प्रेमानं उचलायचं, वर चहा पाजायचं. सरावानं पोट मात्र वाढलं.

शेवटी मन घट्ट केलं आणि एक दिवस कुणाच्याच गाडीवर बसलो नाही. झालं! तात्या बायकोशी भांडून घर सोडून चाललाय, ही बातमी मी घरी परतायच्या आधीच जीपमध्ये बसून शिरूर कासारला, म्हणजे थेट सासुरवाडीला पोचली. दुपारी मेहुणा, सासूबाई आणि समजूत घालायला दोन म्हातारे दारात हजर!

"दाजी, काय चुकलं आमच्या सुशीचं?"

"काही नाही हो! छावणीच्या चाऱ्यासाठी चालतोय."

"मग चारा काय डोक्यावर आणायचा? जीप हाय की!"

सुशीला पदर तोंडाला लावून हसत होती. सासूबाईंना वाटलं, लेक रडतीय. त्यांनी निकाल दिला, "सुशे, तू बी जा संगं. जावईबापूंना माघारी आणायचं काम तुझं!"

अशी ती माझ्याबरोबर पदयात्रेला निघाली. सराव नाही, पायात साध्या चपला. नेकनूरपर्यंत मी पुढं होतो, मांजरसुंब्याला बरोबर, आणि पालीला रस्त्याकडेच्या दगडावर. दोन्ही टाचांना फोड!

"तुमी बसा सामानाच्या टेम्पोत. मी जाते."

"अगं, पण नाव माझं लिहिलंय!"

"म्हशीला वाचाया येतंय का?" म्हणत ती चालायलाही लागली.

बीडला मी टेम्पोतून आधीच पोचलो आणि जीव मुठीत धरून रस्त्याकडे बघत टेम्पोतच बसून राहिलो. ती नाही आली, तर आमच्या नावची ट्रॉली गेली! दिवस कलता कलता सुशीला आली, सगळ्या बायांच्या पुढं. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "नाव कुणाचंबी असू द्या, पाय पोचले न्हवं? ट्रॉली छावणीला!" टाळ्या वाजल्या, हिच्या गळ्यात हार पडला. आनंदानं मीही उठायला गेलो. पण पाय हलेनात!

तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, "टेम्पोतलं सामान ज्याचं त्यानं उतरवून घ्या!"

सुशीला आली आणि तिनं मला उतरवून घेतलं.