थांबाबाईंचा एक सेंटिमीटर

हजेरीपटावर बाईंचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त सही करताना आठवायचं. एरवी त्या थांबाबाई. डॉक्टर मॅडम ऑपरेशनची तयारी करा म्हणाल्या की बाई म्हणायच्या, "थांबा हो जरा." बाळंतिणीच्या सासूनं दार वाजवलं की आतूनच "थांबा!" आणि बाळंतीण स्वतःच "मला कापा, पण सोडवा" म्हणून किंचाळायला लागली की तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून, "थांब गं राणी, येतंय." एकतीस वर्षं त्यांनी या एका शब्दावर नोकरी केली.

दिसायला अगदी कुणाच्याही लक्षात न राहण्यासारख्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, पायात पुरुषी चपला, कारण बायकांच्या चपलांत त्यांचा रुंद पाय मावायचा नाही. तोंड फटकळ. नवीन नर्स आली की पहिला प्रश्न, "नखं दाखव." वाढलेली दिसली तर सगळ्यांदेखत कात्री हातात द्यायच्या. माझ्याही दिली होती, आणि मी रागानं आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. नंतर सात वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि जे काही सुईणपण मला येतं ते सगळं त्यांच्याकडून आलं.

आमचं प्रसूतिगृह छोटं. लेबर रूममध्ये तीन खाटा, मध्ये हिरवे पडदे, बेसिनच्या वर घड्याळ. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता अडकवलेला. गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडलं की बाळ बाहेर यायला मोकळं. ते किती उघडलंय हे दर चार तासांनी नर्सनं दोन बोटांनी तपासायचं आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. पट्टी नाही, यंत्र नाही. बोटं सांगतील ते खरं. मॅडमचा नियम असा की चार तासांत ठिपका वर सरकला नाही तर ऑपरेशन. मॅडम वाईट नव्हत्या. एकट्या होत्या, थकलेल्या होत्या आणि कधीतरी वाट पाहिल्यामुळे त्यांच्या हातून एक बाळ गेलं होतं. मॅडम बाळंतिणीकडे बघायच्या नाहीत, तक्त्याकडे बघायच्या.

माझ्या दुसऱ्या वर्षी एकदा बाईंनी सहावर ठिपका दिला आणि त्यांना दुसऱ्या खाटेवर जावं लागलं. थोड्या वेळानं मी तपासलं तर मला पाचच लागले. मला वाटलं, माझी बोटं कच्ची. असं तीन-चार वेळा झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई मुद्दाम एक सेंटिमीटर वाढवत होत्या. त्या खोट्या सेंटिमीटरवर त्या बाईला चार तास मिळवून देत होत्या.

पण एका बाईला एकदाच. पुढच्या तपासणीला बोटांना फरक लागला नाही, तर बाई स्वतः फोन उचलून मॅडमना म्हणायच्या, "या." त्या आवाजात असं काही असायचं की मॅडम चपला घालायच्या आधीच जिना उतरायच्या. त्या चार तासांत कितीतरी बायका सुटल्या, आपापल्या पायांनी चालत घरी गेल्या. बाईंनी हे मला कधी सांगितलं नाही आणि मला कळलंय हे मीही त्यांना कधी कळू दिलं नाही. मनातल्या मनात मात्र मी त्यांच्या पाया पडायचे.

आता माझ्या बहिणीचं सांगते. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्या जन्माच्या वेळी आईचं पोट फाडावं लागलं, जखम चिघळली आणि आठव्या दिवशी आई गेली. पुढं नात्यातल्या बायकांनी तिला उठता-बसता ऐकवलं की तू आईला खाल्लंस. पोरगी सुरी बघितली तरी पांढरीफटक पडायची. दिवस गेल्यावर तिनं एकच धोशा लावला, "ताई, मला कापू देऊ नकोस. कुणीतरी असा डॉक्टर बघ."

एका वहीत तिनं सतरा प्रश्न लिहिले होते. ती वही घेऊन आम्ही चार डॉक्टर पालथे घातले. पहिल्यानं वही बघूनच विचारलं, "डॉक्टर तुम्ही की मी?" दुसरीनं एकाही प्रश्नाचं उत्तर न देता सोनोग्राफी लिहून दिली. तिसरा मात्र गोड. सतराच्या सतरा प्रश्नांना हो म्हणाला. बहीण खूश. मी बाहेर येऊन त्याच्या नर्सला बाजूला घेतलं, तर ती म्हणाली, "सर रविवारी सुट्टीवर असतात, आणि गंमत बघा, आमच्याकडे रविवारी कुणी बाळंतच होत नाही." चौथी म्हणाली, भीती वाटते तर पूर्ण भूल देऊ, कळणारही नाही. बहीण तिथल्या पायरीवरच बसून रडली.

शेवटी मी तिला आमच्याकडे आणलं. नात्यातल्या बाईचं बाळंतपण आपल्या हातानं करू नये म्हणतात, पण माझ्यापुढे दुसरं दार नव्हतं. बाईंनी तिचं पोट चाचपलं, वही मिटून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे बघ बाळ, वचनबिचन मी देत नाही. वेळ मिळवून देईन. तेवढंच माझ्या हातात आहे." एवढ्याशा बोलण्यानं तिचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री ती म्हणे नवव्या महिन्यातही गाढ झोपली.

कळा सुरू होऊन ती आली ती सकाळी सातला, माझ्या ड्यूटीवर. मी तपासलं. पाच. मला नाचावंसं वाटलं. अकराला पुन्हा तपासलं. पाचच. मी पुन्हा बोटं फिरवली, श्वास रोखून. पाच. बाहेर मॅडमचा राऊंड चालू होता, त्यांचा आवाज पडद्यापर्यंत आला. बहीण माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "किती गं?" मी पेन घेतलं आणि सहावर ठिपका दिला. बाईंनी हेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. मॅडमनी तक्ता बघितला, "हळू आहे, पण चाललंय" म्हणाल्या आणि गेल्या.

दोनला बाई ड्यूटीवर आल्या. मला त्यांना एक वाक्य सांगायचं होतं, "बाई, सहा खरे नाहीत." एवढंच. माझी जीभ उचलली नाही. परीक्षेत दुसऱ्याचं बघून लिहिताना पकडली गेल्यासारखं वाटलं असतं. शिवाय भीती होती की त्या म्हणतील, खोड तो ठिपका. मी ड्यूटी संपली म्हणून हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन चहा प्यायले.

तीनला बाईंनी तपासलं तेव्हा मी परत येऊन बहिणीच्या उशाशी उभी होते. नेहमीपेक्षा फार वेळ लावला. त्यांनी तक्ता बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. वर्षभर त्यांच्या बोटांना मुंग्या येत होत्या, सकाळी गुंडीसुद्धा लागायची नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी अंगठ्यानं बोटं चोळली आणि सातवर ठिपका दिला. त्यांनी एक वाढवला असेल हे मला सुचायला हवं होतं. सुचलंही. म्हटलं, तर मग सहा खरे असतील; सरकलंय तर खरं. माणसाला जे हवं असतं ते बरोबर पटतं.

साडेचारला बाळाच्या हृदयाचे ठोके कमी व्हायला लागले. बाईंनी फोन केला, मॅडम आल्या, खाट ढकलत आम्ही ऑपरेशन थिएटरकडे पळालो. जिची सुरीची भीती जन्मभराची, तिनं आत जाताना माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची बोटं सोडवावी लागली. मुलगी झाली. अडकून अडकून डोकं निमुळतं झालेलं, अंग निळं. ती रडली नाही. काचेच्या पेटीत दोन दिवस राहिली आणि गेली. बहिणीच्या हातात तिला दिली ती सगळं संपल्यावर.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. तक्ता टेबलावर. बाईंनी मॅडमना काही विचारूच दिलं नाही. म्हणाल्या, "सात मी लिहिले, मला सात लागले नव्हते."

"मग किती लागले?"

"मला पाच लागत होते. पण अकराला हिनं सहा दिले होते. हिचा हात नेमका आहे, मी शिकवलाय. मी म्हटलं, माझीच बोटं मेली आहेत, सहा धरायला हवेत. आणि वर एक मी वाढवला. आजवर वाढवत आलेय. हे मी पहिल्यांदा सांगतेय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "अकराला सहा होते?"

बाईंनी माझ्या आधीच उत्तर दिलं, "सहाच असणार." आणि मी मान हलवली. हो, मी मान हलवली. मला आजही माझ्या त्या मानेची शिसारी येते.

बाई त्याच दिवशी नोकरी सोडून गेल्या. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. माझ्या घरात त्यांचं नाव निघालं की शिव्या निघायच्या. बहीण त्यांना आंधळी म्हातारी म्हणायची, तिचा नवरा त्याहून वाईट काही. मी मूग गिळून ताटं वाढायचे.

दीड वर्षानं बहिणीला पुन्हा दिवस गेले. या वेळी तिनं डॉक्टर शोधला नाही. मॅडमकडे जाऊन स्वतःच ऑपरेशनची तारीख घेऊन आली आणि तेव्हापासून झोपेनाशी झाली. आठवा महिना लागला तेव्हा मला राहवेना. मी बाईंकडे गेले.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मी पोचले तेव्हा शेजारची एक पोर दारात उभी होती, आपलं पंधरा दिवसांचं बाळ घेऊन. "आजी, अंघोळ घालून द्या ना, मला भीती वाटते." बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझ्या बोटांचा भरवसा नाही गं. दुसरं कुणी बघ." ती गेली. हजारो बाळं ज्या हातांत आली, ते हात बाईंनी चोरासारखे लपवले होते. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "अकराला किती होते?"

"पाच."

त्यांनी उजवा हात पुढे आणून त्याकडे बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसावी असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे बोटं सांगत होती. मीच ऐकलं नाही." आणि चष्मा काढून रडल्या. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय आखडून घेतले.

"मला कशाला सांगतेस? माझं लेकरू गेलं का? जा, तिला सांग."

मी तिथून थेट बहिणीकडे गेले, कारण घरी गेले असते तर पुन्हा दीड वर्ष गेलं असतं. ती पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सांगितलं. तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

"बाईंना ठाऊक आहे?"

"आत्ताच सांगून आले."

"आधी त्यांना. मग मला."

मी मान हलवली.

"ताई, दवाखान्यातून घरी येताना गाडीत मी तुला विचारलं होतं, त्या बाईनं असं का केलं असेल. तू काय म्हणालीस, आठवतंय?"

आठवत होतं. मी म्हणाले होते, वय झालंय गं त्यांचं.

तिनं घडी पुरी केली, बाकीच्या कपड्यांवर ठेवली. ना ओरडली, ना रडली. ती रडली असती तर मला जवळ तरी घेता आलं असतं.

"ऑपरेशनच्या दिवशी तू येऊ नकोस," ती म्हणाली. "त्यांना विचार, येतील का. आत नेईपर्यंत कुणीतरी हात धरायला हवाय मला."

मी विचारते म्हणाले.