डावी बाजू दाखवणारा मॉनिटर

डेपोत सगळे तिला मावशी म्हणत. वय काही मावशी म्हणण्याएवढं नव्हतं, पण तिथली ती पहिलीच बाई ड्रायव्हर. पहिल्या दिवशी एका कंडक्टरने "मावशी, गाडी जरा पुढे घ्या" अशी हाक मारली आणि ती कायमची चिकटली. तिलाही ते आवडायचं. एवढं मोठं धूड वळणावरून अलगद काढताना मागून कुणी "वा, मावशी!" म्हटलं की ती आरशात बघून नुसती भुवई उडवायची.

एका सकाळी कडेला उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडून एक सायकलवाला एकदम पुढे आला. डावीकडून. मावशीला आधी काहीतरी हलल्यासारखं दिसलं, मग धातू चेपल्याचा आवाज आला आणि बस थांबली. सायकल पुढच्या चाकाखाली गेली होती. माणूस चाकापासून हातभर लांब पडला होता आणि ओरडत होता. तो ओरडतोय म्हणजे जिवंत आहे, एवढंच तिला त्या वेळी कळलं. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं, पण तो वाचला. चौकशीत मावशीची चूक निघाली नाही. उलट वेळेवर ब्रेक लावला म्हणून डेपोच्या साहेबांनी पाठ थोपटली.

पण तिला तो ब्रेक आठवतच नव्हता. आधीचं आठवायचं, नंतरचं आठवायचं, मधला तेवढा तुकडा कोरा. ब्रेक मी लावला की बस आपोआप थांबली? आणि लावला असेल, तर पुढच्या वेळी पाय तिथे पोचेल कशावरून?

पुन्हा ड्युटीवर आली तेव्हा ती सीटवर बसली, किल्ली लावली आणि उजवा पाय थरथरायला लागला. इतका, की पेडल खडखड वाजायला लागलं. "चक्कर येतेय," असं कंडक्टरला सांगून ती खाली उतरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती बसपर्यंत गेलीच नाही. साहेबांनी तिला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. लोकांच्या छत्र्या, डबे आणि एका पायाचे बूट सांभाळत ती दिवसभर बसायची. खिडकीसमोरून गाड्या बाहेर पडायला लागल्या की मान खाली घालायची.

"महिनाअखेर डेपोच्या मैदानात गाडी फिरवून दाखवा," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर मग खिडकीच कायमची. मला वाईट वाटेल, पण माझा इलाज नाही."

घरी तिने गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. नवऱ्याने विश्वास ठेवला, किंवा तसं दाखवलं. तो खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या बनवायचा. दिवसभर ओठांत खिळे धरून काम करायची सवय, त्यामुळे घरीही बोलणं बेताचंच. मुलगी मात्र अगदी उलट. सदानकदा चिवचिवाट, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणायचे. कॉलेजात शिकत होती, लहान मुलांच्या शिकवण्या घेत होती, आणि गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून कधीपासून पैसे साठवत होती. घरातल्यांना आत्या-मामांची नावं पाठ नसतील एवढी तिला ग्राफिक्स कार्डांची नावं पाठ होती.

टिटवीच्या लक्षात आलं होतं. आई डेपोत चालत जाते. रस्ता ओलांडायला चार माणसं जमेपर्यंत थांबते. एकदा जिन्याखाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, तर आईच्या हातातला चहाचा कप फरशीवर आपटला. आई वाकून तुकडे गोळा करायला लागली, पण हात इतके कापत होते की एकही तुकडा उचलता येईना.

"गुडघा नाहीये तो," टिटवी म्हणाली. "हो ना?"

मावशी तिथेच फरशीवर बसली आणि रडली. मग सगळं बोलली.

दोन दिवसांनी टिटवीने विषय काढला. कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम असतो. खरं स्टिअरिंग, पायाखाली पेडल, समोर रस्ता. कुणी मरत नाही.

"म्हणजे माझ्या भीतीच्या नावावर तुझा कॉम्प्युटर," मावशी म्हणाली.

"खोटं नाही बोलणार, आई. मला तो हवाच आहे. पण तुलाही हवाय, तुला अजून माहीत नाही एवढंच."

मावशीला हसू आलं. तिने "बघू" म्हटलं. नवऱ्याने कपाटातून आपली पुंजी आणून टिटवीच्या पैशांत घातली.

दुकान बाजारातल्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. छतापर्यंत खोकी, मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. दुकानदार गळ्यात चष्मा लटकवून बसला होता. त्याने आधी काचेचं कॅबिनेट दाखवलं. आत पंखे फिरत होते आणि त्यांतून जांभळे, हिरवे दिवे लागत होते.

"हे बसमध्ये लावलं असतं तर पॅसेंजर उतरलेच नसते," मावशी म्हणाली. टिटवी खूश झाली. आई गमतीने बोलतेय म्हणजे ठीक आहे.

मग दुकानदाराने गाडी चालवायचा एक गेम सुरू केला, नुसतं दाखवायला. पडद्यावर शहरातला रस्ता पळायला लागला. कडेला उभ्या गाड्या. मावशीची नजर आपोआप डावीकडे गेली. एका गाडीच्या मागून काहीतरी पुढे आलं, आणि नेमकं त्याच वेळी चित्र अडखळलं. क्षणभर सगळं जागच्या जागी थिजलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा ते काहीतरी पार मध्ये आलेलं होतं.

मावशीच्या कानात शिट्टी वाजायला लागली. खोक्यांना धक्के देत ती जिन्यापर्यंत आली आणि कठडा धरून उभी राहिली. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. टिटवी मागून धावत आली. "आई, सॉरी. नको आपल्याला. चल घरी."

ती मान वळवून म्हणाली, "ते मध्येच थांबलं का?"

"काय?"

"चित्र. थांबलं होतं ना? की मलाच तसं दिसलं?"

दुकानदार दारात आला होता. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता. "थांबलं, ताई. ते जुनं मशीन आहे, कार्ड हलकं आहे. गर्दीचा रस्ता आला की ओझं झेपत नाही, अडकतं."

"मला तेच नकोय," मावशी म्हणाली. "बाकी काहीही द्या. अडकणारं नको."

तिथून खरेदीला खरं वळण लागलं. दिवेवालं कॅबिनेट गेलं. त्याच्या जागी साधं, काळं, हवा खेळेल असं पत्र्याचं आलं. टिटवीला सर्वांत वरचा प्रोसेसर हवा होता, दुकानदार म्हणाला मधला पुरे, उरलेले पैसे कार्डात घाला, गेम त्याच्यावर पळतो. टिटवीने वापरलेल्या कार्डाचा विषय काढला, अर्ध्या किमतीत मिळतं म्हणून. मावशी ठाम राहिली. "कुणी किती तापवलंय देव जाणे. ऐन वेळी बसलं तर?" पॉवर सप्लायच्या बाबतीतही तेच. स्वस्तातला नको. घरात जळका वास आला तर मी जीवच सोडीन, म्हणाली. टिटवीने रॅम एक पायरी खाली आणली आणि कीबोर्ड जुनाच ठेवायचं कबूल केलं. तोंड पाडूनच, पण केलं.

अडलं ते मॉनिटरपाशी. एक होता नेहमीच्या आकाराचा, मोठा, चित्र इतकं स्वच्छ की झाडाची पानं मोजावीत. दुसरा रुंद, दोन्ही कडांना आत वळलेला. त्याचं चित्र तेवढं रेखीव नव्हतं, पण भराभर बदलायचं, हलत्या वस्तूमागे धूसर शेपूट उरायची नाही. टिटवीचा जीव पहिल्यावर. मावशी दोन्हींसमोर आळीपाळीने स्टुलावर बसली, पाठ ताठ, हात पुढे, जणू स्टिअरिंग धरलंय. नजर समोर ठेवून तिने दुकानदाराला पडद्याच्या डाव्या कडेला बोट नाचवायला सांगितलं. पहिल्याच्या कडेला बोट म्हणजे जवळजवळ समोरच. दुसऱ्याच्या कडेला मात्र डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि ती स्टुलावरच दचकून मागे सरकली.

"हाच," ती म्हणाली.

"आई, तुला याचीच भीती वाटतेय."

"म्हणूनच."

नवा रुंद मॉनिटर बजेटबाहेर होता. दुकानात मांडून ठेवलेला एक होता, पायाला ओरखडा पडलेला, तो दुकानदाराने कमी करून दिला. टिटवीने पडदा पूर्ण पांढरा करून, मग पूर्ण काळा करून कुठे मेलेला, न उजळणारा ठिपका आहे का ते नाक लावून तपासलं. स्टिअरिंग आणि पेडल मात्र वापरलेलंच घ्यावं लागलं. त्यापुढे पैसे नव्हते.

सगळं जोडून झालं आणि टिटवीने बटण दाबलं, तेव्हा मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पळायची वेळ आलीच तर असावं म्हणून. पंखे हलकेच घुमले. पडदा उजळला. जळका वास आला नाही.

पहिले काही दिवस ती रिकाम्या रस्त्यावर बस चालवत होती. बैलगाडी बरी, इतकं हळू. गेममधले प्रवासी कुरकुर करायचे, टिटवी त्यांना परस्पर उत्तरं द्यायची. मावशीचा पाय थरथरायचा, पण पेडल खडखड वाजत नव्हतं. मग टिटवीने रस्त्यावर रहदारी सोडली. आणि एका संध्याकाळी, एका उभ्या ट्रकमागून, सायकल आली.

मावशीने पाय दाबला. आतापर्यंत थांब्यांवर अलगद दाबून भागलं होतं, पण पेडल पोकळ होतं. हवेत पाय घातल्यासारखं सरळ खाली गेलं. बस पुढेच गेली.

तिने किंकाळी फोडली. खुर्ची मागे कलंडली. दारात उभा असलेला नवरा धावत आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "थांबली नाही. थांबली नाही."

नंतर तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मॉनिटरवर चादर टाकली. डेपोतून आली की दार बंद करून पडून राहायची. टिटवी अपराध्यासारखी घरात वावरायची, तिचा आवाज घरात पहिल्यांदाच कमी झाला होता. मैदानातली परीक्षा जवळ येत चालली होती आणि मला जमणार नाही असं साहेबांना सांगून टाकायचं, हे मावशीने मनाशी पक्कं केलं होतं.

नवऱ्याने एका दुपारी ते पेडल उलटं करून बघितलं. आत एक मऊ, थकलेली स्प्रिंग होती. त्याने आपल्या गाद्यांच्या दुकानातून टणक रबराचा ठोकळा आणला, कापून, घासून ब्रेकच्या मागे बसवला, हाताने दाबून बघितला, पुन्हा कापला. मग बायकोला बोलावलं.

"पाय ठेव."

"नको हो."

"गेम बंद आहे. नुसता पाय ठेव."

तिने ठेवला. दाबला. पेडल आधी थोडं दबलं आणि मग अडून बसलं. तिचा पाय एकदम ओळखीच्या जागी आल्यासारखा झाला.

"त्या संध्याकाळी गेममध्ये तू पाय टाकला होतास," नवरा म्हणाला. "मी दारातच होतो. सायकल मला दिसायच्या आधी तुझा पाय हलला होता. पेडल खोटं होतं गं."

एवढं सलग तो लग्नानंतर क्वचितच बोलला असेल.

मग टिटवीने रोज सायकली सोडल्या. कधी डावीकडून, कधी बराच वेळ काहीच नाही, मग अचानक. प्रत्येक वेळी मावशी दचकायची. घाम यायचा. पण प्रत्येक वेळी तिला कळायच्या आत पाय ब्रेकवर असायचा. एकदा ती पाण्याचा घोट घेत होती, लक्ष अर्धवट, तरीही पाय पोचला. त्या दिवशी बस थांबवून ती बराच वेळ आपल्या पायाकडे बघत बसली. तो कोरा तुकडा अजूनही आठवत नव्हता. पण त्यात काय घडलं असेल ते आता तिला कळत होतं.

मैदानातल्या परीक्षेत पहिल्या फेरीला इंजिन दोनदा बंद पडलं. गाडीत बसलेल्या साहेबांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या फेरीला ती नीट फिरली. ओठ पांढरे पडले होते, पण फिरली.

तिला आधी मोकळ्या रस्त्यांचा मार्ग दिला. पुढे तिनेच जुना मागून घेतला. ते कुणाला पटलं नाही, टिटवीला तर अजिबात नाही. पहिल्या फेरीत, अपघात झाला होता त्याच ठिकाणी, कडेला एक व्हॅन उभी होती. मावशीने वेग इतका कमी केला की मागचे हॉर्न वाजवायला लागले. व्हॅनमागून कुणी आलं नाही. ती पुढच्या थांब्यावर पोचली, दारं उघडली, माणसं उतरली, माणसं चढली. कुणीतरी विचारलं, "बस बाजारात जाते का?"

"जाते," ती म्हणाली. "बसा."