फोनची अट

बदनापुरात माझ्या कॉम्प्युटर क्लासला लागूनच त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. सगळे त्यांना मामा म्हणतात. घरी एकटेच असतात. कामाला बसले की मोबाईल समोरच्या स्टुलावर ठेवतात आणि मधेच मला हाक मारतात, "सर, रेंज हाय ना?" रेंज असतेच. फोन मात्र येत नाही.

जुन्या सायकलच्या चाकावर त्यांनी कपाशीतलं तण काढायला एक कोळपं बसवलं, एकट्या बाईला सहज ढकलता येईल असं. त्याचं ड्रॉइंग कुणालाही फुकट वापरता यावं, म्हणून ते मी नेटवर टाकायला बसलो. परवाना कुठला द्यायचा, म्हणजे वापरणाऱ्याला अट काय घालायची, ते त्यांना विचारलं. "एका परवान्यात वापरणाऱ्याला तुमचं नाव द्यावंच लागतं, दुसऱ्यात काहीच अट नाही."

"बनवलं की एकदा फोन करून सांगायचं, असा हाय का एखादा?"

"तसा नाही, मामा."

"मंग नाव बी राहू द्या. नुसत्या नावाचं काय करू?"

पुढे ते कोळपं गावोगाव दिसायला लागलं. परवा अंबडच्या रस्त्याला मामांनी मला गाडी थांबवायला लावली. शेतात एक बाई तेच ढकलत होती. त्यांनी जाऊन चाक फिरवून पाहिलं, खिशातल्या पान्यानं एक ढिला नट आवळला.

"बराबर चालून राह्यलं ना?"

"लई हलकं हाय. पण तुम्ही कोन?"

"काई न्हाई, असंच."

ते परत आले, माझ्या मागे बसले आणि मोबाईल काढून म्हणाले, "सर, इथं रेंज हाय ना?"