कोलोनला निहारला सांभाळताना

कल्पना करा, तुमच्या मित्रानं वर्षभरापूर्वी दारू सोडली आहे आणि तुम्हाला त्याला बिअरच्या शहरात फिरवून कोरडा परत आणायचंय. जमेल?

सुमंतला वाटलं, जमेल. अमेरिकेत डॅलसजवळच्या प्लेनोतल्या मराठी मंडळींत कुणाला विमानतळावर सोडायचं असो की कुणाच्या आईबाबांचा इन्शुरन्स काढायचा असो, फोन सुमंतलाच जायचा. मूळचा नागपूरचा, कामानं सॉफ्टवेअर टेस्टर. काय काय बिघडू शकतं ते आधी शोधायचं, ही त्याची नोकरी आणि हाच स्वभाव.

कुशला ग्रीन कार्ड मिळालं, तेव्हा सुमंत, कुश आणि निहार या हॉस्टेलपासूनच्या तिघा मित्रांनी जर्मनीत कोलोनला जायचं ठरवलं. दारू सोडलेला निहार म्हणाला, "तुम्ही प्या, मी कंपनी देतो." निघताना त्याची बायको वसुधा सुमंतला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवतेय हं."

सुमंतनं दिवस भरून टाकले. सकाळी संग्रहालयं, दुपारी नदीकाठ, बिअर फक्त संध्याकाळी. तिथली रीतही त्यानं वाचून ठेवली होती. ग्लास लहान असतो, आणि रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा भरलेला आणून ठेवतो. नको असेल तर पुठ्ठ्याची चकती ग्लासवर ठेवायची. पहिल्या संध्याकाळी त्यानं निहारसाठी सफरचंदाचा रस मागवला आणि त्याच्या ग्लासवर चकती स्वतःच्या हातानं ठेवली.

दुसऱ्या संध्याकाळी ऑफिसचा फोन आला. आत गोंगाट, म्हणून सुमंत बाहेर गेला. रिलीज अडकलं होतं, बोलणं लांबत गेलं. परत येऊन बघतो तर निहारच्या चकतीवर वेटरनं मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा, बिअरच्या दर ग्लासामागे एक.

"कुश, हे काय?"

"मीच म्हटलं एक घे यार. कावीळ झाल्यासारखा ज्यूस काय पितोस?"

निहार हसत होता. "सुमंतराव, सुट्टी आहे. आज टेस्टिंग बंद."

त्या रात्री सुमंतनं वसुधाला मेसेज केला, 'सगळं ठीक.' पुढचे दिवस निहार दुपारपासूनच बसायचा. मेसेज तोच जायचा.

परतल्यावरही निहार थांबला नाही. मार्चमध्ये भर दुपारी त्याची गाडी हायवेच्या दुभाजकावर आदळली. गाडीत एकटाच होता, तेवढंच नशीब, असं लोक म्हणाले.

निहारचं दिवसकार्य उरकल्यावर सुमंत वसुधाकडे गेला. ती लोकांनी आणलेले जेवणाचे डबे घासून पुसत होती.

"कोलोनला तो प्यायला होता," सुमंत म्हणाला. "मी तुला खोटं लिहिलं."

"माहितेय मला."

"कुशनं सांगितलं?"

"नाही रे. त्या गोळ्या घ्यायचा ना तो, दारू पोटात गेली की उलटी करवणाऱ्या? मोज्यांच्या खणात सापडल्या. महिन्याभराच्या, तशाच. माझ्यासमोर रोज नुसतं पाणी पीत होता."

"कधी सापडल्या?"

"तुम्ही डॅलसच्या एअरपोर्टवर होतात. बोर्डिंग व्हायचं होतं. तूच तर फोटो पाठवलास, तिघांचा." तिनं एक डबा पुढे केला. "हा अपर्णाकाकूंचा. जाताना देशील?"

सुमंतनं डबा घेतला आणि नेऊन दिला.

अजूनही तो तिच्याकडे जातो. टॅक्सचे कागद बघतो, गाडीचं ऑइल बदलून आणतो. ती चहा करते, दोघं तिच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलतात. दर वेळी एक प्रश्न त्याच्या ओठांवर येतो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून तो गिळतो.

'विमान सुटायला वेळ होता, माझा फोन माझ्या हातात होता. मग वसुधा, तू फोन का केला नाहीस?'