अंगणात मांडलेलं टेबल

स्वाइन फ्लूच्या वर्षीची ती सकाळ आठवते ती धुक्यासकटच. जर्मनीत, कोलोनमध्ये माझं किराणा दुकान होतं. उर्दू येते म्हणून आश्रय मागणाऱ्यांच्या मुलाखतींना मी दुभाषा म्हणूनही जायचो. त्या दिवशी मुलाखत होती पेशावरात वाढलेल्या एका अफगाण माणसाची. पण त्याच्या हाइममध्ये, म्हणजे वसतिगृहात, तापाचा रुग्ण निघाला आणि इमारतीचं दार बंद झालं.

"सगळं पुढे ढकललंय," मुलाखत घेणाऱ्या अधिकारी बाई अंगणातच म्हणाल्या. "कधी, ते सांगता येणार नाही."

तळमजल्याच्या खिडकीतून तो बघत होता. निर्णय लागल्याशिवाय बायको-मुलीला बोलावता येणार नव्हतं, आणि त्या दोघी परक्या दारात दिवस काढत होत्या.

माझं डोकं फिरलं. "तो खिडकीत उभा राहील. तुम्ही अंगणात बसा. मी मध्ये. तोंडाला मास्क लावू. अडचण काय?"

"असं कधी केलेलं नाही."

"दुकानही मी आधी कधी काढलं नव्हतं, बाई!"

मग मी मंडईतलं शेवटचं हत्यार काढलं. पाठ फिरवली आणि सावकाश चालू लागलो. आपल्याकडे चार पावलांत हाक येते: अहो, या इकडे, काय ते ठरवू. मी चालत राहिलो. पायांखाली ओली पानं, पुढे पांढरं धुकं, त्यात विरघळलेलं फाटक. हाक नाही. फाटकाच्या कडीवर हात ठेवला, तरी नाही. जर्मनीत इतकी वर्षं काढून हे मला कळायला हवं होतं.

मागून खरखर ऐकू आली. वळून बघतो तर बाई एकट्याच टेबल ओढत अंगणात आणत होत्या.

"आल्झो, चला तर," त्या धापा टाकत म्हणाल्या, "दुसरी बाजू धरताय ना?"

तो खिडकीतून बोलू लागला. प्रत्येक वाक्य आधी वाफ होऊन दिसायचं, मग ऐकू यायचं. लिंडेनच्या झाडाची पिवळी पानं कागदांवर उतरायची. बाई ती उचलून टेबलाच्या कडेला ठेवायच्या, जणू तीही त्याच्याच जबानीतली होती. मुलीचं नाव त्यानं दोनदा सांगितलं. मीही ते दोनदा सांगितलं.

पुढे बंद हाइममधल्या बाकीच्या मुलाखतीही तशाच खिडकीतून झाल्या. कल्पना कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

दोन उन्हाळ्यांनी तो अफगाण बायको-मुलीला घेऊन दुकानात आला. मुलीनं सगळ्या बरण्यांना एकेक करून हात लावला. मी रागावलो नाही.

माझा राग अजून त्या बाईंवरच आहे. टेबल आणायचंच होतं, तर एक हाक मारायला काय झालं होतं?